बेक, ब्याड आणि माझं तोंड

राजमतीआक्का प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. इतक्या गप्प, की समोरच्याला वाटावं, बाईंना डुलकी लागली. त्यांच्या खास मुलांच्या शाळेतल्या पहिल्या भेटीतच मी फसलो. सहा वर्षांची माझी गौरी मांडीवर होती. जन्मापासून तिचे स्नायू तिचं ऐकत नाहीत. चालणं आधारानं, बोलणं अजिबात नाही. समजतं मात्र सगळं.

"बाळ, नाव काय तुझं?" आक्कांनी विचारलं.

"गौरी," मी म्हणालो.

"काय आवडतं गं?"

"कुंदा," मी म्हणालो. आमची बेळगावी मिठाई.

"शाळेत कोण येणार? तू का बाबा?"

"तीच की!" हेही मीच.

आक्का हसल्या. "अण्णा, तुमचं तोंड जरा सुट्टीवर पाठवा की."

आता तोंड हाच माझा धंदा. कंग्राळीहून पहाटे निघून मी बेळगावच्या भाजी मार्केटात लिलाव पुकारतो, मराठीत आणि कन्नडमध्येही. घरी आलो की गौरीच्या वतीनं बोलायचो. तिला तहान लागायच्या आत पाणी, रडायच्या आत खाऊ. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. मीही मान डोलवायचो. एकटा जेवायला बसलो की मात्र घास उतरायचा नाही: माझ्या माघारी हिच्यासाठी बोलणार कोण?

आक्का निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. घरात कन्नड, दारात मराठी, आणि बोलताना दोन्हींची मिसळ. खासबागेतल्या त्या शाळेत मुलांपुढे एखादी वस्तू धरून त्या एवढंच विचारायच्या, "बेक? ब्याड?" हवं की नको? मग ती त्यांची डुलकी. मी दारातूनच ओरडायचो, "हवाय तिला, आक्का! मान बघा की तिची!"

"मान दिसती मला. तोंडाची वाट बघायची हाय. तिची बोली लागायच्या आधीच तुम्ही लिलाव तोडताय, अण्णा."

धंद्यावरूनच बोलल्यावर मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. तिथूनही दोनदा ओरडलोच.

असं वर्षभर चाललं. मग एका संध्याकाळी मी घरी पेढे आणले. गौरीला एक भरवला. दुसरा पुढे केला, तर तिनं सगळं अंग ताठ केलं, ओठ जुळवले आणि जोर लावून म्हणाली, "ब्या...डा!"

"प्याडा म्हणाली! पोरगी प्याडा म्हणाली!" मी नाचलोच. आमच्याकडे पेढ्याला प्याडाच म्हणतात. दुसरा भरवला. "ब्याडा!" तिसरा भरवला. ती रागानं लाल होऊन ओरडत होती, मी आनंदानं रडत भरवत होतो. शेवटी तिनं तो माझ्या शर्टावर थुंकला, तेव्हा मी थांबलो आणि उरलेले गल्लीत वाटून आलो.

दुसऱ्या दिवशी आक्कांना सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू काही आवरेना. "अवो, ती ब्याड म्हणत हुती! नको म्हणत हुती तुम्हाला!"

रोज मार्केटात गिऱ्हाइकांकडून 'ब्याड' ऐकणारा मी. पोटच्या पोरीचं तेवढं कळलं नाही. माझा चेहरा बघून आक्का म्हणाल्या, "तोंड कशाला पाडताय? नको म्हणायला आलं तिला. आता मनाविरुद्ध हिला कोण बी काय बी भरवू शकत न्हाय. तुम्ही बी न्हाय."

त्या दिवशी किती वर्षांनी मला सपाटून भूक लागली.

गेल्या उन्हाळ्यात आक्का निवृत्त होऊन गावी निघाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात पालकांतर्फे बोलायला, अर्थात, मीच. घसा खाकरून सुरू केलं, "आमच्या गौरीला असं म्हणायचंय की..."

"ब्याड!" वॉकर धरून उभी असलेली गौरी ठणकावून म्हणाली.

सगळी शाळा हसली. मी वाक्य तिथंच टाकून खाली बसलो. मग सगळे आक्कांसारखे थांबले. गौरीनं मान सावरली.

"आक्का... बेक."

दोन शब्द तिनं पहिल्यांदाच जोडले होते. आक्का काहीतरी बोलायला गेल्या, पण जमलं नाही. त्यांचंच तोंड सुट्टीवर गेलं होतं.

परतताना मिठाईच्या दुकानापाशी स्कूटर थांबवली. कुंद्याकडे बोट दाखवून गौरीकडे बघितलं आणि गप्प उभा राहिलो. दुकानदार ओळखीचा. बराच वेळ बघून म्हणाला, "काय अण्णा, तब्येत बरी न्हाय काय?"

मी तरीही गप्प.

"बेक," गौरी म्हणाली.