बगिच्यातल्या पिंपळाचं पाणी

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहून राह्यलो.

आज सकाळी मी बगिच्यातल्या बाकावरून उठलो अन् पिंपळाची मोठी वाळलेली फांदी त्याच बाकावर कोसळली. वारा अजिबात नव्हता.

मी माळीकाकाले म्हटलं, "पाऊस नाही, हे खरं. पण आपण सारे रोज लोटाभर पाणी घालतो ना?"

काकानं लोटा ओतून दाखवला. पाणी सिमिटाच्या पारावरून घसरत थेट नालीत गेलं.

काका म्हणाले, "दरसाल पाऊस पाराबाहेरच्या मुळाले पाणी पाजे. यंदा तोही नाही आला."

तो पार आपणच श्रमदानानं बांधला, अगदी खोडाले चिकटून.

उद्या लोटा आणू नका. पार फोडाले सब्बल कोणाच्या घरी आहे, ते इथंच खाली लिहा.