आमच्या जीपला उजवा बाक नव्हता

मंडळी, आज अकोल्यात जठारपेठेतल्या गॅरेजमध्ये आमच्या जुन्या जीपला मागचे दोन बाक बसवून घेतले. गाडी बाबांनी साठच्या दशकात शेतीसाठी घेतलेली.

डावा बाक जुन्याच भोकांत बोल्ट घालून पटकन बसला. उजवीकडे भोकंच नव्हती. मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "भाऊ, इकडं बाक कधी लागलाच नाई." तिथल्या तळाचा रंग मात्र पार उडालेला, पत्रा घासून गुळगुळीत.

बाबांना फोन लावला. "बाबा, उजवीकडं बाक कावून नव्हता?"

"तिथं मजूर बसत ना. वावरात जातानी."

"खाली?"

"मंग? गडीमाणसं खालीच बसत."

"अन् डाव्या बाकावर कोण बसे?"

"पाहुणे आले तं ते. एरवी रिकामाच राहे."

"मंग त्यायले वर बसा म्हणाचं ना."

"कोनी म्हटलंच नाई."

फोन ठेवला. सलीमभाईंनी ड्रिल लावून चार भोकं पाडली, बाक बसवला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

तुमच्या घरीही त्या काळी जीप असेल, तर मागे कोण कुठे बसायचं, ते घरच्या मोठ्यांना एकदा विचारता का?