वरचा दात

भाच्याला दात आला. तो वर आला. त्या दिवसापासून बहिणीला माहेर बंद झालं.

हे घडलं त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. बहीण मागच्या महिन्यात गेली, म्हणून आता लिहितो आहे. ती असताना लिहिलं असतं तर तिने वाचून चुका काढल्या असत्या.

आमच्याकडे बाळाला आधी खालचे दात येतात, ही सगळ्यांच्या सोयीची गोष्ट आहे. वरचा आधी आला तर तो मामाच्या जिवावर येतो. बापाच्या नाही, आजोबाच्या नाही, घरच्या म्हशीच्याही नाही, नेमका मामाच्याच. मामा मी होतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, शेलूबाजाराजवळच्या एका शाळेत मास्तर होतो, आणि माझी तब्येत उत्तम होती.

बहीण मेडशीकडे दिली होती. तिला लिहायला मी शिकवलं होतं. आमच्या मळ्यात वांग्यांना पाणी चालू असताना ती बांधावर बसायची आणि मी पाटी तपासायचो. जे घडलं ते सगळं लिहावं, काही गाळू नये, असं मी तिला सांगत असे. ती गुणी विद्यार्थिनी होती. नवरात्रात तिचं कार्ड आलं. पोराला दात आला, वरचा आहे, दिवाळीला घ्यायला ये, असं त्यात होतं.

आईला वाचता येत नव्हतं. वडील गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवत असे, आणि शब्दन् शब्द वाचत असे. त्याचा मला अभिमान होता. ते कार्डही मी तसंच वाचलं, वर हसलो.

आई मिरच्यांचे देठ काढत होती. तिचा हात थांबला.

"वरचा म्हन्ते?"

"वरचा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तेव्हाही तो शब्द गाळावा हे मला सुचलं नाही.

"मंग नाई आनायचं तिले," आई म्हणाली. "तुले त्या लेकराचं तोंड दिसता कामा नये. तेलातलं तोंड पाह्यल्याबिना नाई."

त्यावर उपाय होता. मामाने भाच्याकडे पाठ करून बसायचं, काशाच्या वाटीतल्या तेलात त्याचं तोंड पाहायचं, मग चांदीचा वाळा त्या दाताला लावायचा. एवढं केलं की मामा मोकळा. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पण मी शिकलेला होतो. मी नाही म्हटलं.

वाचनालयातून एक आरोग्याचं पुस्तक आणून मी आईला त्यातला उतारा ऐकवला. काही मुलांना वरचे दात आधी येतात, त्यात काही विशेष नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"पुस्तक लिहिनाऱ्याले बहीन होती का?"

"ते काही लिहिलं नाही."

"मंग त्याले काय मालूम?"

तिच्या हट्टासमोर मी माझं तत्त्व उभं केलं. ती म्हणे, विधी केल्याशिवाय लेक घरात घेणार नाही. मी म्हणे, विधी करणार नाही, लेक मात्र घरी आलीच पाहिजे. दोघंही बहिणीच्याच भल्याचं बोलत होतो. ती मेडशीला वाट पाहत होती.

गोष्ट गावभर झाली. मी शाळेत पोहोचलो की हेडमास्तर हजेरीपुस्तक पुढे करून म्हणत, "या मास्तर, आज बी हायेच का तुमी? कमाल हाय." शेजारची म्हातारी मला रस्त्यात गाठून माझं कपाळ चाचपून पाही आणि थंड लागलं की थोडी निराश होऊन जाई. मी सगळ्यांना हसत असे. मला वाटे, आपण रोज जिवंत राहून एक अंधश्रद्धा खोटी पाडतो आहोत. त्यासाठी मला वेगळं काही करावंही लागत नव्हतं.

दिवाळी आली. पोराची पहिली दिवाळी. बहीण आली नाही. तिचं दुसरं कार्ड आलं होतं, त्यात एकच ओळ होती: माझी पिशवी भरून ठेवली आहे. तेही मी आईला शब्दन् शब्द वाचून दाखवलं.

भाऊबीजेच्या दिवशी आईने सवयीने पाट मांडला, ताट केलं, निरांजन लावलं. ओवाळायला कोणी नव्हतं. मी पाटावर बसलो नाही. म्हटलं, "माय, पाह्य. हे तुह्या दातानं केलं."

आईने निरांजन विझवलं नाही. त्याच्याकडे पाहतच बोलली.

"तुले बी वरचेच आले होते."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे.

"तवा म्या बी हसली. म्हनलं, कायचं काय. तुह्या मामाले बलावलं, तुले त्याच्या मांडीवर देल्लं. पुढच्या महिन्यात गेला तो. तापानं. मले एकच भाऊ होता."

मामा तापाने गेला हे मला ठाऊक होतं. त्या वर्षी त्या तापाने गावात पुष्कळ माणसं गेली होती, आणि त्या सगळ्यांना काही वरच्या दाताचे भाचे नव्हते. हे सगळं मला बोलता आलं असतं. उतारा तयार होता. पण आईने चोवीस वर्षं ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती आणि माझ्याकडे एकदाही त्या नजरेने पाहिलं नव्हतं. मी पाटावर बसलो. आईने मला ओवाळलं, बहिणीच्या ऐवजी.

शेताचं काम निघालं आहे असं शाळेत सांगून मी पुढच्याच आठवड्यात मेडशीला गेलो. खरं म्हणजे शेताचं काही काम नव्हतं. मी विधीला गेलो.

बहिणीच्या सासूने सगळी तयारी ठेवली होती. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, समोर वाटीत जवसाचं तेल. बहीण पोराला घेऊन माझ्या मागे उभी राहिली आणि त्याला माझ्या खांद्यावरून पुढे वाकवलं.

"मामा, मांगं पाहू नोका," सासू म्हणाली. "तेलात पाहा."

मी खाली वाकलो. त्या क्षणी भाच्याने माझा चष्मा ओढला. चष्मा तेलात पडला. मी दचकून मागे वळलो आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आलं.

घरात कोणी श्वास घेईना. आता खरी पंचाईत अशी की चष्म्याशिवाय मला ना तेलातलं दिसत होतं ना समोरचं. समोर एक गोल, ओलं, गोरटेलं काहीतरी हसत होतं. मामाने तोंड पाहिलं की नाही, याचा निकाल कोणत्याही शास्त्रात मिळाला नसता.

"दिसलं का तेलात?" सासूने विचारलं.

"दिसलं," मी म्हणालो. "आधी तेलातच दिसलं."

सासूने सुटकेचा श्वास टाकला. मी अंदाजाने वाळा पुढे केला. तो दाताला लागला की हिरडीला, देव जाणे. पोरगं रडलं, म्हणजे कुठेतरी लागला.

दुसऱ्या दिवशी मोटारीची वाट पाहत आम्ही दोघं सडकेवर बसलो होतो. बहिणीच्या मांडीवर पोर, शेजारी ती पिशवी.

"दादा, चष्म्याबिना तुले बैल दिसत नाई. तेलातलं तोंड दिसलं?"

"तू कार्डात वरचा म्हून लिहिलं काहून?"

"तूच शिकोलं ना, सगळं लिहावं. तू वाचलं काहून?"

मी चष्मा काढून पुसू लागलो; काचांवरचं तेल अजून जात नव्हतं.

"एक शबूद सोडता येत नाई तुले," ती म्हणाली. "येवढे बुकं वाचून राह्यला." आणि हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, कारण पोराची पहिली दिवाळी गेली होती आणि ती आता परत येणार नव्हती.

घरी आई दारात उभी होती. तिने मला विचारलं, सगळं नीट झालं का. मी म्हणालो, नीट झालं, तेलातच पाहिलं. आईपुढे मी काही गाळून केलेलं ते पहिलं वाचन. तिने पोराला घेतलं, तोंड पाहायच्या आधी त्याच्या तोंडात बोट घातलं आणि दात मोजले. तोवर खालीही दोन आले होते. त्याने तिचं बोट चावलं, ती ओरडली आणि मग किती तरी वेळ त्याला खाली ठेवेना.

पुढे बहीण दर दिवाळीला आली. आई गेल्यावरही येत राहिली. शेवटची काही वर्षं काठी घेऊन आली. मला वरचे दात आधी आले होते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. ते आईचं होतं, असं मी स्वतःला सांगत असे. तिला मात्र मी सगळं लिहायला शिकवलं होतं.

तिच्या दहाव्याला भाचा माझ्या शेजारी बसला होता. त्याने मला हात धरून उठवलं आणि मोटारीपर्यंत सोडलं.

आता घर आहे. मळ्याचा एक तुकडा आहे. मी आहे. दिवाळीला कोणाला आणायला जायचं नाही.