पावणेसहा पौंडांची बंदूक

सेल्बी कीपिंग बंदूक घ्यायला गेला तो स्वतःचा काटा घेऊन. मासे तोलायचा, खाली आकडा असलेला, गंजलेला स्प्रिंगचा काटा. मर्टल बजेलच्या दुकानात प्रत्येक बंदुकीला वजनाची छापील चिठ्ठी होती, पण छापलेल्यावर विश्वास ठेवील तो सेल्बी कसला! एकेक बंदूक पट्ट्याने काट्याला लटकवायची, डोळे बारीक करून वजन वाचायचं, आणि नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं तिच्याकडे बघून परत द्यायची. सकाळपासून सहा झाल्या होत्या.

"सेल्बीकाका, बंदूक घेताय की कॉड मासा?" मर्टलने विचारलं.

"कॉडला निदान चव असते. ती पुढची काढ."

अडुसष्ट वर्षांचा माणूस. घरी बापाची जुनी बंदूक होती, लष्कराच्या मोडीतली, दुर्बिणीसकट दहा पौंडांची. तिने पुष्कळ मूस, म्हणजे तिकडची घोड्याएवढी सांबरं, पाडले होते. पण आता ती खांद्याला अडकवून दलदलीतून मैलभर चाललं की कमरेत कळ यायची, आणि मूस काही मैलभरावर येऊन वाट बघत बसत नाहीत. म्हणून हलकी हवी होती. हलकी, पण बोल्टचीच. हाताने बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची. आपोआप भरणाऱ्या बंदुकांना तो शिवणयंत्रं म्हणायचा.

मर्टलने अक्रोडाच्या दस्त्याची काढली. सुरेख होती. "ओल लागली की लाकूड फुगतं आणि नळीला ढकलतं," असं म्हणून त्याने ती बाजूला सारली. मग काळ्या फायबरच्या दस्त्याची, न गंजणाऱ्या पोलादाची, आखूड नळीची एक निघाली. दिसायला अगदी रूक्ष. सेल्बीने खिशातून लोकरीचे हातमोजे काढून घातले आणि बोल्ट मागेपुढे करून पाहिला. तिकडच्या थंडीत उघड्या बोटांनी कोण काय करणार? मग डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. दुर्बीण बरोबर डोळ्यासमोर होती, मान वाकवावी लागली नाही. मग काट्यावर टांगली. पावणेसहा.

"हीच," तो म्हणाला.

मर्टलचं तोंड जरा वाकडं झालं. "काका, मला विकायचीच आहे, पण ऐका. खांद्यावर ही फुलासारखी वाटेल, नेम धरताना मात्र वाऱ्यावर जाईल. वजन असलं की बंदूक जागेवर बसते. शिवाय धक्का असा देईल की तुमची कवळी उडून पडेल. ही सव्वासातची घ्या."

"कवळी खिशात ठेवीन."

"बरं बाबा. टेकवायला चेस्लीकाकांचा खांदा आहेच म्हणा."

"आहेच," सेल्बी म्हणाला आणि काटा गुंडाळायला लागला. समोरासमोर खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मे महिन्यापासून चेस्ली त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

चेस्ली पार्डी म्हणजे सेल्बीचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, एफीचा भाऊ. एफीला जाऊन सहा वर्षं झाली होती. दोघा मेहुण्यांनी तीस वर्षं एकाच परवान्यावर शिकार केली. परवान्यावर नावं दोन, मूस एकच. वर माळावर झाड नाही की खडक नाही, नुसती कमरेएवढी झुडपं. आडवं पडलं तर काही दिसत नाही, आणि उभ्याने दहा पौंड किती वेळ धरणार? म्हणून चेस्ली पुढे उभा राहायचा, सेल्बीपेक्षा वीतभर बुटका, आणि सेल्बी त्याच्या डाव्या खांद्यावर नळी टेकवायचा. "कान झाक," म्हणायचा. चेस्ली डाव्या कानात शेवाळ कोंबायचा, उजव्यात बोट घालायचा आणि श्वास रोखायचा. मग गोळी. शेवाळाने थोपवायचं तेवढं थोपवलं, पण तीस वर्षांत चेस्लीचा डावा कान गेला. त्याने कधी तक्रार केली नाही. "व्हर्ना त्याच बाजूला झोपते, बरंच झालं," बायकोसमोर म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

मग गावाचं मतदान आलं. टिल्ट आर्ममध्ये अकरा घरं, एकोणीस मतं. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर रस्ता नाही. आठवड्यातून दोनदा बोट, तीही वाऱ्याच्या मर्जीने. सरकारचं म्हणणं असं की पुरेशा लोकांनी 'हो' म्हटलं तर सगळं गाव हलवू, प्रत्येक घराला पैसे देऊ. मग बोट बंद, वीज बंद. चेस्लीला जायलाच हवं होतं. व्हर्नाची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा यंत्राला लावावं लागे, म्हणून ती हिवाळ्यापासून मुलीकडे शहरात राहत होती आणि हा इथे एकटा. सेल्बीने त्याला शब्द दिला होता, मी 'हो' म्हणतो. मत द्यायच्या वेळी पेन्सिल हातात घेतली आणि शाळेच्या खिडकीतून टेकडीवरचं एफीचं थडगं दिसलं. एक मत कमी पडलं.

चिठ्ठ्या गुप्त होत्या. पण एकोणीस मतांच्या गावात गुप्त ते काय राहणार? चौघे उघडउघड 'नाही'वाले होते. पाचवा कोण, हे चेस्लीने विचारलं नाही. विचारलं असतं तर फार बरं झालं असतं. दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्याने फक्त येणं बंद केलं. जूनमध्ये दोघांच्या नावाचा परवाना त्याच्या पत्त्यावर आला, तर तो त्याने सेल्बीच्या दाराखालून आत सरकवला आणि निघून गेला.

त्या दिवशी सेल्बीने मनाशी खूणगाठ बांधली. हिवाळ्याचं मांस एकट्याने आणायचं. ते जमलं तर इथे एकटं राहणं जमेल, आणि मग त्या 'नाही'ला काही अर्थ तरी राहील. नाही जमलं, तर सख्ख्या मेहुण्याला उगाचच बुडवलं. एवढा सगळा भार त्या पावणेसहा पौंडांवर होता.

ऑक्टोबरात तो तीन दिवस एकटा वर गेला. बंदूक खरोखर जाणवत नव्हती. दोनदा त्याने मागे हात नेऊन आहे ना ते पाहिलं. बाकीचं मात्र सगळं जाणवत होतं. एका कपाचं पाणी फार लवकर उकळतं. डबा उघडला की त्यातलं पळवायला कोणी हात घालत नाही. दुसऱ्या दिवशी एक माळकोंबडी अशी वेड्यासारखी पायातून उडाली की त्याला हसू आलं आणि "बघितलंस?" असं तो मोठ्याने म्हणाला, डावीकडे वळून. चेस्लीचा चांगला कान आपल्याकडे यावा म्हणून तो नेहमी त्याच्या उजवीकडून चालायचा. डावीकडे नुसती झुडपं होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर दिसला. सव्वाशे पावलांवर, आडवा, शिंगं फाटकाएवढी. सेल्बीने बंदूक उचलली. दुर्बिणीतली फुली मूसच्या खांद्यावर आली, तिथून मानेवर, मानेवरून आभाळात. वारा नळी ढकलत होता आणि काळीज दस्ता ढकलत होतं. जुनी बंदूक हात ओढायची, पण बसायची. ही काही केल्या ऐकेना. त्याने कोपर बरगडीला दाबलं, श्वास सोडला, पुन्हा धरला. फुली पोटावर आली. पोटात गोळी लागलेला मूस मैलोन् मैल पळतो, कुठेतरी दलदलीत मरतो, आणि कोणाच्याच पोटात जात नाही. असं करणाऱ्याला गावात कोणी विसरत नाही. सेल्बीने चापावरचं बोट काढलं. मूसने त्याच्याकडे पाहिलं, सावकाश वळला आणि उताराआड गेला. सेल्बीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्याने आलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळेला त्याने चेस्लीचं दार ठोठावलं. टिल्ट आर्ममध्ये दार कोणी ठोठावत नाही, ढकलून आत येतात.

"ठोठावतोस?" चेस्लीने दार उघडलं. "पोलीस आहेस का पाद्री?"

आत पडदे उतरवलेले होते. खोकी बांधून भिंतीला लावलेली.

"निघालास?"

"शनिवारच्या बोटीने. सरकारचे पैसे नाही तर नाही. व्हर्नाला आणखी एक हिवाळा एकटीला ठेवणार नाही." चेस्लीची नजर त्याच्या खांद्यावर गेली. "हेच का ते खेळणं? मर्टल सांगत होती. किती भरलं?"

"पावणेसहा."

"आमचं मांजर जास्त भरेल. मग, मूस हसला का?"

"चेस," सेल्बी म्हणाला, "मला खांदा हवाय."

चेस्लीने बंदूक हातात घेतली आणि बराच वेळ नळी निरखली. "आखूड आहे. कानाशीच बार होईल."

"म्हणून तर विचारतोय. नको असेल तर—"

"डाव्यात आता राहिलंय काय जायला? उद्या सहाला ये. आणि ठोठावू नकोस."

दुसऱ्या दिवशी तोच नर तळ्याच्या वरच्या अंगाला सापडला. चेस्ली न सांगता पुढे जाऊन उभा राहिला. सेल्बीने नळी त्याच्या खांद्यावर ठेवली आणि फुली मूसच्या खांद्यावर जाऊन बसली, खिळा ठोकल्यासारखी. "कान झाक," तो म्हणाला. चेस्लीने डाव्यात शेवाळ कोंबलं, उजव्यात बोट घातलं. आता त्याला आभाळ कोसळलं तरी ऐकू येणार नव्हतं. सेल्बीचं तोंड त्या मेलेल्या कानापासून हातभर अंतरावर होतं.

"पाचवा मीच," सेल्बी म्हणाला. "एफीला टाकून जाववेना रे. मला माफ कर."

खांदा हलला नाही. त्याने चाप दाबला.

मूस गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर कलला. चेस्लीने कानातलं बोट काढलं, डोकं झटकलं आणि मागे वळला. "काही म्हणालास का मघाशी?"

सेल्बीचं धैर्य तेवढंच होतं, ते संपलं होतं. "हलू नकोस म्हटलं."

"तीस वर्षं हललो नाही, आता काय हलणार?" चेस्ली म्हणाला आणि त्याने सुरी काढली.

मांस सोडवून पोत्यांत भरलं. तळ्यावरच्या होडीपर्यंत न्यायला दोघांना अंधार पडेपर्यंत चार-चार फेऱ्या घालाव्या लागल्या, पाठीवर साठ-साठ पौंड. बंदुकीत वाचवलेले चार पौंड कुठे गेले ते काही कळलं नाही. शेवटच्या फेरीला चेस्ली खाली बसला तो हात दिल्याशिवाय उठेना, आणि दोघेही खुळ्यासारखे हसत सुटले.

शनिवारी धक्क्यावर सेल्बीने अर्धं मांस खोक्यात भरून आणलं. "एफीकडे लक्ष ठेव," चेस्ली म्हणाला. सेल्बी त्याच्या उजव्या बाजूला उभा होता, चांगल्या कानाशी. वेळही होता, बोट चांगला अर्धा तास दोर बांधून उभी होती.

"पोचल्या पोचल्या फ्रीजरमध्ये टाक," सेल्बी म्हणाला.

हिवाळा त्याने एकट्याने काढला. बरण्यांत भरलेलं मूस पुरलं. समोर चेस्लीच्या घरात दिवा लागायचा नाही, तरी रोज चहाच्या वेळेला तो तिकडे पाहायचा. एप्रिलमध्ये परवान्याचा अर्ज आला. दोन नावं असली तर नंबर लवकर लागतो, एकट्याला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. दुसऱ्या नावाच्या माणसाला फोन करायचा तर आधी त्याला दुसरंच काही सांगावं लागलं असतं. सेल्बीने एकच नाव लिहून अर्ज पाठवला.

मग त्याने स्प्रूसच्या झाडाच्या दोन काठ्या तोडल्या, साल काढली, वरच्या टोकाशी दोरीने फुली बांधली. उंची मोजायला पट्टी घेतली नाही. हात पुढे करून तळवा हवेत आडवा धरला, जिथे तीस वर्षं नळी टेकवली होती तिथे, आणि त्या मापाने काठ्या छाटल्या. घरामागे नेऊन रोवल्या. रिकामी बंदूक बेचक्यात ठेवली आणि खाडीपलीकडच्या एका पांढऱ्या दगडावर नेम धरला. दुर्बिणीतली फुली बसली. वारा होता, तरी तसूभर हलली नाही. जमलं होतं. एकट्याला जमत होतं.

"कान झाक," सेल्बी म्हणाला, आणि सवयीने जरा थांबला.