पिवळी बॅटरी, लाल बटण

विहीणबाई,

तुम्ही जाऊन आता बरेच दिवस झाले, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहिते. तसा तुमच्या समोरही मी कधी ठेवला नव्हता, पण तुम्ही मध्येच हसायच्या आणि माझं वाक्य अर्धं राहायचं. आता पुरं करते. मला तुमचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, आणि त्याचं मूळ ती पिवळी बॅटरी.

आपली नात. माझ्या मुलीची आणि तुमच्या मुलाची मुलगी, म्हणजे दोघींचा हक्क सारखा. निदान म्हणायला. ती बोलायला लागली तेव्हा मी झाले 'आजी', जशा सगळ्या असतात, आणि तुम्ही झालात 'आजू'. तिला अक्षरं मी शिकवली, पाढे मी शिकवले, प्रकाश सरळ रेषेत जातो हेही मीच. शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, घरात थोडं तरी कामी यायला हवं. तुम्ही काय शिकवलंत? पत्त्यांतली लबाडी. आणि पोरगी शनिवार आला की तुमच्याकडे पळायची.

तुमचं आयुष्य त्या जिन्याखालच्या दुकानात गेलं. बटणं, लेस, अस्तर, हुक. यजमान लवकर गेले, मुलगा शाळेत, आणि तुम्ही तिथे स्टूल टाकून बसलात ते केस पिकेपर्यंत. एखादी बाई एका बटणासाठी यायची, सासूचं गाऱ्हाणं सांगायची, हसायची आणि हातभर लेसही घेऊन जायची. तुमची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचं कापड आणि बटण घेऊन दुकानाच्या दारात यायचं, दोन्ही उन्हात धरायचं, मान वाकडी करायची आणि मग निकाल द्यायचा. "आत रंग कळत नाही," म्हणायच्या. दुकान बंद केलंत तरी खोड गेली नाही. टोमॅटोसुद्धा तुम्ही उन्हात धरून घ्यायच्या.

नात लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागली. लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर चढून दोर तपासायचे. त्या आठवड्यात आपण दोघी तिच्याकडे जेवायला होतो. ती म्हणाली, "मला रोजच्याला एक चार्जिंगची बॅटरी पाहिजे. फोनचा उजेड पुरत नाही, आणि तो खड्ड्यात पडला तर संपलंच. स्वस्तातली चालेल, पडली-फुटली तर हळहळ नको." आणि हे बोलताना बघितलं कुणाकडे? तुमच्याकडे. प्रकाश शिकवणारी बाई तिच्या शेजारीच बसली होती.

"आपण दोघी जाऊ या, मास्तरीणबाई," तुम्ही म्हणालात. तुम्हाला एकटीला जाऊ द्यायची माझीही तयारी नव्हती.

विजेच्या सामानाच्या दुकानात मी विचारलं, पूर्ण उजेडावर किती वेळ चालते, फोनच्या वायरीने चार्ज होते का, पाणी उडालं तर काय. मग म्हटलं, दुकानातले दिवे घालवा.

"आजी, गिऱ्हाइकं आहेत," दुकानदार म्हणाला.

"त्यांनाही कळू दे."

बिचाऱ्याने घालवले. मी एकेक बॅटरी मागच्या खोक्यांवर मारून बघितली. एकीचा मधोमध ठिपका, बाजूला काळोख. एकीचा उजेड पसरट, पण दुबळा. एक काळी होती, मुठीत मावणारी, जवळचंही दाखवायची आणि लांबचंही, किंमतही आवाक्यातली. ती घेतली. तोवर तुम्ही कुठे होतात? दारात. पिवळीधमक बॅटरी उन्हात धरून, मान वाकडी करून.

"अहो, बॅटरी कुणी उन्हात बघतं का?"

"रंग बघतेय. काळ्या खड्ड्यात काळी बॅटरी पडली तर सापडायची कशी?"

"पेटलेली असली की सापडेल."

"आणि विझली असली तर?"

दुकानदार हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही ती पेटवूनसुद्धा पाहिली नाहीत, तशीच पर्समध्ये टाकलीत.

येताना ठरलं, दोन्ही माझ्या घरी टेबलावर ठेवायच्या, कुणाची कुठली ते बोलायचं नाही, तिला हवी ती तिने उचलावी. कल्पना माझी. तुम्ही एवढ्या चटकन हो म्हणालात, तिथेच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर पिवळीच्या शेपटाला, दोरी ओवायच्या भोकात, पांढऱ्या लेसचं कडं आणि त्यात कोटाचं मोठं लाल बटण. नात आली, अजून बूटही काढले नव्हते. "आजू, हे कधी केलंस?" म्हणेपर्यंत बॅटरी तिच्या पट्ट्याला अडकलीसुद्धा.

"हे ठरलं नव्हतं," मी म्हटलं.

"मी कुठं सांगितलं, माझी कुठली ते?" तुम्ही म्हणालात. "रुसू नका. तुमच्याही बॅटरीला बांधून देते की."

"माझ्या बॅटरीला दागिने लागत नाहीत."

पुढे माझंच बरोबर ठरलं, हे तुम्हाला ऐकावं लागेल. पिवळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान टाकायची. पोरगी ज्या इमारतीत जाईल तिथे वॉचमनच्या खोलीत प्लग शोधायची आणि डबा खाता खाता तिला चार्ज करायची. माझी काळी तिच्या बॅगेच्या तळाशी, भरलेली, तयार. मी विचारलं, "ती का नाही वापरत?" तर म्हणते, "अगं, ती आहे ना अडीअडचणीला." म्हणजे मी अडीअडचणीला. बरोबर असूनही हरता येतं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस पिवळी कायमची विझली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नात काळी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, आजूचं बटण हिला लाव ना." पण काळीच्या शेपटाचं भोक बारीक, तुमची लेस जाड. सुईने ओढली, टाचणीने ढकलली, जाईना. शेवटी तुम्हाला फोन लावला. तो लावताना माझं काय झालं ते माझं मला माहीत.

"काय मास्तरीणबाई, आता दागिने लागतात वाटतं?"

"भोक बारीक आहे. त्या मापाची लेस आहे का, तेवढं सांगा."

"आहे की, दोऱ्यासारखी. बॅटरी घेऊन या, बटण घेऊन या. दारात उन्हात बसू, सुई ओवायला बरं पडतं."

"रविवारी येते," मी म्हटलं.

त्या रविवारी माझा खोकला बळावला. "पुढच्या रविवारी या," तुम्ही म्हणालात, "लेस कुठे पळतेय?" पुढच्या रविवारी आले तेव्हा तुमच्या दारात चपलांचा ढीग होता.

आता काळी रोज कामावर जाते. खड्ड्यात उजेड माझा पडतो. पण लाल बटण तिने किल्ल्यांना अडकवलंय, आणि बोलता बोलता तिची बोटं त्याच्याशी चाळा करत असतात. काळीशी कुणी चाळा करत नाही. लावली, विझवली, ठेवली.

आज ती जेवायला आलीय, आणि काळी माझ्या समोर चार्ज होतेय. भोक अजून रिकामं आहे. बारीक लेस कुठल्याही दुकानात मिळेल, बांधून द्यायला माझी मुलगी आहे, नात स्वतः आहे. मी त्यांना हात लावू दिलेला नाही. बॅटरी घेऊन या, म्हणाला होतात.