कराची ते बसरा

आमचे हे हैदराबादला एका व्यापाऱ्याकडे मुनशी होते. व्यापाऱ्याला खजुराच्या सौद्यासाठी बसऱ्याला तातडीनं माणूस पाठवायचा होता. यांना फारसी-अरबी येत होती, म्हणून यांनाच पाठवलं, आणि तेही विमानानं. यांचं पत्र आलं: सोमवारी सकाळी कराचीहून निघेन, विमान वाटेत रात्रीपुरतं उतरतं, मंगळवारी दुपारी बसरा. पत्र सासूबाईंना मीच वाचून दाखवलं आणि पस्तावले.

माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत मागं घरात केर काढायचा नाही, हा आमच्या तलवाड्याच्या घरातला शिरस्ता. गेवराईला गेलेल्या माणसासाठी दुपारपर्यंत, बीडला गेलेल्यासाठी दुसऱ्या सकाळपर्यंत केरसुणी कोपऱ्यात. विमानातल्या माणसासाठी किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या त्या निजामाच्या मोगलाईतल्या गावात विमान जवळून पाहिलेलं माणूसच नव्हतं. सासूबाईंनी शेजारच्या शाळामास्तरांना विचारलं. त्यांनी शाळेतल्या नकाशावर दोरा धरला आणि सांगितलं, सरळ गेलं तर बाराशे मैल, म्हणजे सहाशे कोस. आमची बैलगाडी दिवसाला दहा कोस जायची. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि दोन महिने घर झाडायचं नाही असं जाहीर केलं.

माझं डोकंच फिरलं. केरकचरा मला तेव्हाही खपत नसे. विमान गाडीसारखं चालत नाही, हे मास्तरांनी परोपरीनं समजावलं. मास्तर त्यात कधी बसलेत का, असं सासूबाईंनी विचारल्यावर त्यांनी दोरा गुंडाळून खिशात टाकला.

मंगळवार गेला. बुधवारी मी तोऱ्यात सांगून टाकलं की पत्राप्रमाणे हे काल पोचले, आता मी झाडणार. केरसुणी समोरच होती, कुणी अडवतही नव्हतं. पण माझा हात काही तिच्याकडे गेला नाही. एवढं मोठं धूड समुद्रावरून जातं आणि पडत नाही, हे मला तरी कुठं पटलं होतं? राख, भुसा, ज्वारीची फोलपटं पायाखाली चरचरत होती आणि मी भाकरी थापता थापता देवाला विनवत होते.

शुक्रवारी तार आली. मास्तरांनी वाचली: मंगळवारी दुपारी सुखरूप पोचलो. मी तिथंच त्या केरात बसकण मारली आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

सासूबाई मात्र मास्तरांची उलटतपासणी घेत होत्या. सोमवारी सकाळी निघाला? हो. वाटेत एक रात्र मुक्काम? हो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला? हो.

"आवो, ही तर माज्या म्हायेराची वाट हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी गाडी जुपायची, रातच्याला माजलगावात टेकायचं, दुसऱ्या दिशी जेवायच्या वक्ताला दिंद्रुड. मंग लई लांब कुठं गेलाय त्यो?"

मास्तर सहाशे कोसांची आठवण करून देणार होते. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

"त्याला लिही," सासूबाई मला म्हणाल्या, "पंचमीला येऊन जा म्हनावं."

मी तसंच लिहिलं. मास्तरांचे कोस मला पाठ होते, पण लिहिताना मी सासूबाईंचाच हिशेब धरला.