आमच्या हेडबाई सिस्टर

देवाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण देवसुद्धा ज्यांना जरा वचकून असावा, अशा पाहिल्या त्या एकट्या आमच्या हेडबाई. कवठे महांकाळकडच्या एका मिशनच्या शाळेत नव्वदनंतरची काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली मराठी शिकवलं. सिस्टर मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी शिकल्या त्या जतच्या बाजूला, मेंढपाळांच्या वस्तीवर औषधं वाटता वाटता. त्यामुळे मी वाईहून आणलेलं स्वच्छ मराठी त्यांच्यापुढे अगदीच अशक्त वाटायचं. एकदा खुद्द बिशप शाळा पाहायला आले. आम्ही शिक्षकांनी इंग्रजी स्वागताची तालीम केलेली. सिस्टर फाटकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आवं, उन्हात का हुबं? आत या की. जेवलासा का?" बिशपना अक्षर कळलं नाही, पण जेवले मात्र पोटभर.

पांढरी साडी खोचून त्या लुनावर बसत आणि गैरहजर मुलांच्या घरी जात. लुनाचा आवाज आला की पोटदुखी आपोआप थांबते, असं पालकच सांगत. प्रार्थनेला डोळे मिटायचे ते मुलांनी, शिक्षकांना मनाई. "देव बघतोच वो," त्या म्हणत, "पन त्याला जगभरची पोरं. आपलं एखादं नजरंतनं सुटायचं." पहिला नंबर कुणाचा, हे त्यांनी कधी जाहीर करू दिलं नाही. "ज्याला येतंय त्याला ठावं हाय. ज्याला येत न्हाई, त्याचं गावभर कशाला सांगायचं?"

एका वर्षी दिवाळीनंतर दहावीतल्या एका मुलीचं लग्न लावून दिलं आणि तिचा बाक रिकामा झाला. सिस्टर मला मागं बसवून तिच्या सासरी, जत तालुक्यातल्या एका वाडीवर गेल्या. सासू म्हणाली, "आता शिकून काय करायचंय तिला?" सिस्टरनी वाद घातलाच नाही. ओट्यावर बसल्या आणि तिच्याशी कानडीत बोलू लागल्या. मेंढरं, जावा, गुडघेदुखी. ऊन उतरलं तरी उठेनात. शेवटी सासूच हरली. "न्या बाई. पन परीक्षा झाली की आनून सोडा."

हिरवा चुडा, मंगळसूत्र घालून मुलगी वर्गात आली आणि लगेच काही पालक तक्रार घेऊन आले. शाळेचे मॅनेजर फादरही आले. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का.

"सिस्टर, लग्न झालेल्या मुलीला वर्गात बसवायचं नाही, हा आपला नियम आहे."

"फादर, नियम पोरीसाठी हाय, का पोर नियमासाठी?"

शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचं वचन फादरांनी लगेच ओळखलं. शुभवर्तमान त्यांनाही पाठ होतं. पण पालकांतले एक गृहस्थ ऐकेनात. "ते काही नाही. लग्न झालेली बाई शाळेत नको म्हणजे नको!"

सिस्टरनी हात टेबलावर ठेवला. बोटात नन होताना ख्रिस्ताच्या नावानं घातलेली चांदीची अंगठी होती. "मग आदी मला काढा. माझंबी लगीन झालंय. नवरा दिसत न्हाई, पन हाय."

सर्वांत आधी हसले ते फादर. मुलगी शाळेत राहिली.

ती पास झाली, आणि त्याच सुमारास सिस्टरांची बदली आली. कुठं जायचं तेवढं या नन्सना कळतं. का, ते विचारायची पद्धत नसते. एसटी स्टँडवर मुलीची सासू भाकरी बांधून घेऊन आली. म्हणाली, "माझी धाकटी लेक तुमच्याकडं घालायची व्हती वो. आता कुनाच्या भरवशावर धाडू?" बिशपपासून सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या सिस्टरनी नुसती भाकरी घेऊन पिशवीत ठेवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या बाई हायती की." मला विचारलंसुद्धा नाही. गाडी सुटली.

शाळा उघडली तेव्हा धाकटी खरंच आली. आईचं बोट सोडवत नव्हतं तिला. मी तिला वर्गात नेलं, खिडकीजवळ बसवलं, आणि हे सांगायला भराभर हेडबाईंच्या खोलीकडे निघाले. दारापाशी पोहोचल्यावर आठवलं, आणि तशीच मागं फिरून धाकटीच्या वर्गाकडे गेले.